नर्मदेचा हिरवा ग्रह

परभणी,
२ फेब्रुवारी १९९४

प्रिय नर्मदे,

कमलचा नमस्कार आणि तुझ्या गुडघ्यांची वेगळी चौकशी. इकडे सगळे ठीक. म्हणजे आमच्या दिनकररावांचा खोकला आणि माझा स्वभाव, दोन्ही डॉक्टरांनी सोडून दिले आहेत.

पत्र संतापात लिहीत आहे. ह्यांनी हैदराबादहून टीव्हीला जोडायचा एक खेळ आणला. (निवृत्त माणसाला बाजारात एकटे सोडू नये.) दोन दांड्यांचे ते मशीन ह्यांना आठवड्यात नकोसे झाले आणि मी मात्र अंतराळात गेले. दांडा हलवत एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायचे, बस. बहुतेक ग्रह पेडगावच्या नांगरलेल्या रानासारखे काळे. दुर्मिळ म्हणावा असा शंभरात एखादा, आणि लाइट गेली की मशीन सगळे विसरते. म्हणून मी सापडलेल्या ग्रहांचे फोटो काढू लागले. हे शेजारच्या धुरपताबाईंनी ऐकले आणि भाचीची पत्रिका घेऊनच आल्या. “बाई, तुमी गिरहाचे फोटू काढायलाव म्हणं? आमच्या पोरीचा मंगळ लय कडक हाय. तेवढा बघा की कुठं बसलाय!” ह्यांनी आतून ओरडून सांगितले, “सध्या पोळ्या करपवायलाय!”

तर संक्रांतीच्या आदल्या दुपारी तो दिसला. हिरवा, दोन कड्यांचा, एक कडे उभे नि एक आडवे. नर्मदे, माझा हात दांड्यावरच राहिला. कॉन्व्हेंटच्या पाचवीत सिस्टरनी ग्रह काढायला सांगितले तेव्हा तू अगदी हाच काढला होतास. असा ग्रह देवाने केलेलाच नाही, म्हणत त्यांनी तुझी वही वर्गापुढे धरली, वर्ग हसला, आणि त्यानंतर तू रंगाच्या पेटीला हात लावला नाहीस. (किती सुंदर रंगवायचीस! माझ्या वहीतली फुलेसुद्धा तुझीच असायची, आणि मार्क मला.) बावन्न वर्षांनी पुरावा सापडला होता. एक फोटो काढला आणि लाइट गेली.

रोल स्टुडिओवाल्या मुंजाजीकडे दिला. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्तात दुकान चार दिवस बंद. पाचव्या दिवशी त्याने खुशीत फोटो पुढे केला. टीव्हीच्या काचेत माझा चेहरा उमटला होता. त्याला वाटले, बाईंनी स्वतःचाच फोटो काढलाय. “गालावर हिरवा डाग आल्ता, बाई. निगेटिव्हवरच खरडून साफ केला. वरून केसबी काळे केलेत, बघा!”

मी काय काय बोलले ते कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेले नव्हते. ह्यांना मात्र फोटो इतका आवडला, की फ्रेम करून आणला.

तुझी,
कमल

ता. क. वर ‘वर्ग हसला’ असे लिहिले आहे. तू पहिल्या बाकावर होतीस, तुला मागचे दिसले नाही. पहिली मी हसले. मग वर्ग. हे मी तुला कधी सांगितले नाही.

ता. क. २. काल तो ग्रह पुन्हा सापडला. तेव्हापासून टीव्ही बंद करू दिलेला नाही. हे बातम्या धुरपताबाईंकडे बघतात. पत्र पोचेपर्यंत लाइट टिकणार नाही, एवढे मला कळते. तरी ये. रंगाची पेटी आणून ठेवली आहे. ग्रह गेलाच असला तर दोघी मिळून पुन्हा शोधू, आणि ह्या वेळी फोटो काढायचा नाही.