दहा दिवस, रविवार वगळून

३ मार्च, सोमवार. दुपारी ३:१०
आज सगळं बदललं. नेमका क्षण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे चरित्रकारांना शोधत बसायला नको: डेलियानं माझ्या खांद्यावरचा बेगलचा चुरा झटकला.

मी बेगल, म्हणजे मधे भोक असलेले गोल पाव, विकतो त्या दुकानात आली होती. तिळाचा एक बेगल, क्रीम चीज कमी. म्हणाली, ऑरिन, तू कॉलेज सोडल्यापासून राज्यघटनेच्या वर्गात कुणी भांडतच नाही रे, सगळे नुसतं लिहून घेतात. आणि चुरा झटकला. याहून स्पष्ट मुलगी काय बोलणार?

मालक लिप्किन मागून ओरडले, रांग लागलीय, प्रेम करायचं तर बाजूला उभं राहून कर.

४ मार्च, मंगळवार. सकाळी
साधं प्रेमपत्र नको. ती वकील होणार, मी घटनेचा अभ्यासक. (कॉलेज सोडलंय, अभ्यास नाही. प्रोफेसर पेंबर्टनना मी भर वर्गात ढोंगी म्हणालो. त्यांनी माफी मागायला सांगितली, मी मागितली नाही. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग चालला, तोसुद्धा एका मतानं सुटला. वर्गात माझ्या बाजूनं एकही मत पडलं नाही. डेलियाचंही नाही. पण ती तेव्हा वहीत काहीतरी लिहीत होती.)

म्हणून विधेयक लिहिलं. कलम १: डेलिया आणि ऑरिन यांनी येत्या जूनमध्ये लग्न करावं. कलम २: राहण्याची सोय तूर्त विनी आत्याच्या तळघरात. कलम ३ खरं महत्त्वाचं. घटनेत सरळ म्हटलंय, मला पाठ आहे: काँग्रेसनं, म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांनी, पाठवलेलं विधेयक राष्ट्राध्यक्षांनी दहा दिवसांत, रविवार वगळून, आक्षेपांसह परत केलं नाही, तर सही नसली तरी त्याचा कायदा होतो. इथे राष्ट्राध्यक्ष डेलिया. काँग्रेस मी. दोन्ही सभागृहं मीच.

केवढी सोय! लाजाळू मुलीला हो म्हणावंच लागत नाही. नुसतं गप्प बसायचं.

संध्याकाळी
लायब्ररीच्या पायऱ्यांवर तिच्या हातात दिलं. हे काय, म्हणाली. मी म्हटलं, घाई नाही, दहा दिवस आहेत. तिनं पिशवीत टाकलं. बरोबरचा एक मुलगा हसला. त्याचं हसणं घटनाबाह्य होतं.

५ मार्च, बुधवार. दिवस १
काँग्रेस राष्ट्राध्यक्षांच्या मागे मागे फिरत नसते. मान राखायचा असतो. फोन बंद केला आणि आत्याच्या पिठाच्या डब्यात ठेवला. आत्याला बजावलं, पंधरा तारखेपर्यंत कुणाचाही निरोप माझ्यापर्यंत आणायचा नाही. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, ताप नाहीये, तरी सूप करते.

संकल्प: रोज सहाला उठणे. 'राष्ट्राध्यक्षांचं मौन' या ग्रंथाची रोज वीस पानं. लिंकनसारखी दाढी.

६ मार्च, गुरुवार. दिवस २
९:४० ला उठलो. दाढी खाजते. ग्रंथाचं नाव लिहिलं. अर्पणपत्रिका लिहिली. चांगली झालीय.

आत्या जिन्यावरून, ऑरिन, अरे, वरच्या फोनवर एक... मी दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडलो. बरं बाबा, म्हणाली, अगदी आजोबांवर गेलायस, त्यांनाही डॉक्टरांचं ऐकायचं नसायचं.

८ मार्च, शनिवार. दिवस ४
दाराची बेल वाजली. तीनदा. तळघराच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. मतं मागणारे असतील, नाहीतर दारोदार देव वाटणारे. वर बराच वेळ कुजबुज. कॉफीचा वास. मला कुणी विचारलं नाही.

मग आत्यानं माझ्या दाराखालून एक पाकीट सरकवलं. मी डोळे मिटून परत सरकवलं. तिनं आत. मी बाहेर. असं तीनदा. शेवटी म्हणाली, माझे गुडघे दुखतात रे, तुझं तू बघ.

तत्त्वं पाळायची म्हणजे घरातल्यांचा त्रास आलाच.

९ मार्च, रविवार
मोजायचा नाही. झोपलो.

११ मार्च, मंगळवार. दिवस ६
लिप्किनना सांगितलं, होणाऱ्या वकिलाच्या नवऱ्यानं बेगल कापत बसणं शोभत नाही, महिनाअखेर सोडतो. ते म्हणाले, महिनाअखेर कशाला, आत्ता जा, मलाही तुझं काहीतरी करायचंच होतं. सुरीसुद्धा हातातून काढून घेतली. मोठ्या माणसांना त्यांच्या काळात कुणी ओळखत नाही.

ग्रंथ: अर्पणपत्रिका दुसऱ्यांदा लिहिली.

१२ मार्च, बुधवार. दिवस ७
टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष कसल्यातरी हुकमावर सही करून कागद कॅमेऱ्याला दाखवत होते. आत्या म्हणाली, माझी आई वाणसामानाची यादी अशीच सगळ्यांना दाखवायची, आणायला मात्र कुणी जायचं नाही. मी म्हटलं, आत्या, सही सोपी असते. गप्प बसण्यात खरी सत्ता. या देशात एका माणसाचं गप्प बसणंसुद्धा कायदा होतं आणि तेहतीस कोटींच्या बोंबलण्याचा नुसता आवाज होतो. ती म्हणाली, तुझ्या खोलीतून वास येतोय, आंघोळ कर.

१४ मार्च, शुक्रवार. दिवस ९
समजा तिनं नकार दिला. समजा फक्त. नकाराधिकार वापरला तरी दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी विधेयक पुन्हा मंजूर केलं की झालं. जॉन्सनचे पंधरा नकार काँग्रेसनं असे फिरवले. माझी दोन्ही सभागृहं एकमतानं माझ्या बाजूची आहेत. तेव्हा चिंतेचं कारण नाही.

तरी अर्पणपत्रिका तिसऱ्यांदा लिहिली. अक्षर सुधारावं म्हणून. दुसरं काही नाही.

पेंबर्टन आता वर्गात काय शिकवत असतील? कुणी अडवणारं नाही, वाटेल ते सांगत असतील. सगळे लिहून घेत असतील.

१६ मार्च, रविवार. सकाळी
काल मुदत संपली. बारा वाजेपर्यंत जागून साजरं करणार होतो, साडेनऊलाच डोळा लागला. हरकत नाही. कायदा झोपेतही होतो.

न्याहारीला आत्याला बातमी दिली. हातात तवा तसाच धरून ती खाली बसली. म्हणाली, तिला विचारलंस? मी म्हटलं, रीतसर. मग ती काय म्हणाली? मी म्हटलं, काहीच नाही, गप्प राहिली. मौन म्हणजे संमती.

गप्प राहिली, असं आत्या दोनदा म्हणाली. मग म्हणाली, गाढवा, दाढी कर, आंघोळ कर, आणि उद्या जाऊन तिच्याच तोंडून ऐक. मी आता मध्ये पडणार नाही, माझे गुडघे गेले त्यात.

मी जेफरसनसारखं संयमानं हसलो. फोन डब्यातून काढला. चार्ज नाही. पीठ आहे.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी, बसस्टॉपवर
सेंट पॅट्रिकचा दिवस, आयरिश लोकांचा सण. सगळं शहर हिरवं घालून प्यायलेलं. एकानं बसमध्ये मला मिठी मारली. शुभशकुन समजलो.

डेलियानं दार उघडलं. केसांत पिवळं मार्कर खोचलेलं. मी म्हटलं, अभिनंदन, कायदा झाला. ती हसली असती तर बरं झालं असतं. आत ये, बस, असं म्हणाली. एकुलत्या खुर्चीवर पुस्तकं होती. उभाच राहिलो.

म्हणाली, ऑरिन, मी दुसऱ्याच दिवशी तुला फोन केला. चार वेळा. बंद. मग तुझ्या आत्याच्या फोनवर केला, त्या म्हणाल्या, तो कानांवर हात ठेवून बसलाय. शनिवारी बस बदलून तुझ्या घरी आले. चिठ्ठी दिली. ती दाराखालून परत आली. तीनदा. तुझ्या आत्यानं मला कॉफी दिली आणि त्याच रडायला लागल्या. त्यांची समजूत काढून मी घरी आले.

मी म्हटलं, ठीक, म्हणजे विधेयक आक्षेपांसह परत आलं. मग मी ते दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर करतो. आत्ता. इथेच.

तिनं डोळे मिटले. म्हणाली, ते कलम तू शेवटपर्यंत वाचलंयस का कधी? त्याच्या पुढेच लिहिलंय. काँग्रेसच तहकूब होऊन बसली आणि विधेयक परत घ्यायला कुणी नसलं, तर कायदा होत नाही. विधेयक मरतं. आणि तो नकार कुणाला फिरवता येत नाही, तिथे मतदानच नसतं. राष्ट्राध्यक्ष मॅडिसनपासून चालत आलंय. तू वर्ग सोडलास त्याच्या पुढच्याच आठवड्यात पेंबर्टन सरांनी शिकवलं.

छोटी सुट्टी म्हणजे तहकुबी नव्हे, असं कुठल्यातरी कोर्टानं म्हटल्याचं मला अंधुक आठवत होतं. तसं म्हणालो. खटल्याचं नाव आठवेना.

ती म्हणाली, अरे, मी तुझ्याशी घटनेवर भांडत नाहीये. मी तुला नाही म्हणतेय. गेले दहा दिवस तेच सांगायचा प्रयत्न करतेय. मी गप्पसुद्धा नव्हते रे.

मग ते पाकीट दिलं. आत माझं विधेयक, आणि मागच्या बाजूला तिच्या अक्षरात आक्षेप. सात. नीट क्रमांक घातलेले. पहिला वाचला: आपली एकमेकांशी ओळख नाही.

पुढचे वाचले नाहीत. पाणी हवंय का, तिनं विचारलं. नको म्हटलं. काहीतरी बोलून निघायला हवं होतं, राष्ट्राध्यक्ष जाताना बोलतात तसं. खाकरलो. ती वाट बघत होती, खरंच, अगदी सभ्यपणे. मी पाकीट खिशात घातलं.

दार धाडकन आपटायचं ठरवलं होतं. पण टेबलावर पुस्तकं उघडी होती, शेजारी अर्धी भरलेली वही, तिची परीक्षा जवळ आलीय. मी बाहेर आलो आणि आवाज न करता दार लावून घेतलं.