चांगूचे जावळ

महाड,
चैत्र वद्य पंचमी

ती. दादांच्या पायांशी चारूचा साष्टांग दंडवत. (खरोखरच साष्टांग. काल घरी येऊन आडवी झाले ती अजून उठलेली नाही, हे पत्रही पालथी पडूनच लिहिते आहे. अक्षर लागले नाही तर वहिनींकडून वाचून घ्यावे.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? माझे कालपासून त्यांच्याहून वयाने मोठे झाले आहेत. तुमचा खोकला थांबला असेल, आणि थांबला नसेल तर तुम्ही काढा घेत नसाल. मी काय आज ओळखते तुम्हाला?

तुमचे पत्र पोचले. मुले सांभाळण्याचे खूळ आता पुरे, अक्षय्यतृतीयेला न्यायला येतो, घराला कुलूप लावून तयार राहा, असे तुम्ही लिहिता. हे गेले तेव्हाही तुम्ही न्यायला आला होतात आणि मीच वर्षभराची मुदत मागून घेतली होती. दादा, तुमच्याकडे मला काही कमी पडणार नाही, वहिनींच्या तोंडून कधी वावगा शब्द निघायचा नाही. पण दुसरीच्या चुलीपुढे पदराला हात पुसत उभे राहायचे, हे माझ्याने व्हायचे नाही. म्हणून तर हा उद्योग मांडला. सरोजबाई मास्तरीण शाळेत जाताना आपल्या लेकीला, मैनेला, माझ्याकडे ठेवू लागली, मग आणखी दोन मुलगे आले, मग चांगू आला. वाटले होते, मुलांचे काय, खातील, खेळतील, निजतील! पण चार मुले एका वेळी निजत नाहीत हो. एक निजले की ते खरेच निजले का हे बघायला दुसरे उठते.

आणि मुलांचे एक वेळ पत्करले, आयांचे काय करू? आपल्या आईचा नियम तुम्हाला आठवत असेल, की तिन्हीसांजेला लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचे नाही. तो मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना ठासून सांगितला (कुठून बुद्धी झाली देव जाणे). आता शाळा, दुकान, बाजार आवरून या बायका येतात त्या नेमक्या दिवेलागणीला. मग बसतात. बसल्या की चहा आला, चहा आला की सासू आली, आणि सासू एकदा आली की लवकर जात नाही. मुले सांभाळते म्हणून गावात माझे नाव झाले, सांभाळते मी त्या आयांनाच.

आता चांगूचे सांगते, कारण मी आडवी आहे ती त्याच्यामुळे. त्याची आई बयाबाई, सासर पोलादपूरजवळच्या कापडे गावचे. नवरा सहदेव मुंबईला गिरणीत, ही इथे बाजारात भाजी विकते. चांगू तीन वर्षांचा, आणि केस कमरेपर्यंत, वेणी घातलेले. मला वाटले, आईला मुलीची हौस असेल. त्या वेणीतून उवा निघाल्या त्या आधी मैनेच्या डोक्यात गेल्या, मग माझ्या. त्यात हा उन्हाळा. परवा त्या दोन मुलग्यांचे केस कापायला गोमाजी न्हावी आला होता, त्याला म्हटले, लगे हात याचेही उतरव. गोमाजीने विचारले, मांडीवर कोण घेणार? मला वाटले, पोरगा वळवळतो म्हणून विचारतो आहे. चुलीवर दूध उतू चाललेले, म्हटले मीच घेते, तू आटप बाबा. मग त्याने नारळ मागितला. (या लोकांचे भाव किती वाढलेत, असे पुटपुटत तोही दिला!) गोरा गोमटा गोटा उन्हात दिसू लागला, तेव्हा खणाच्या तुकड्याची टोपी शिवून त्याच्या डोक्यावर घातली. गोमाजी केस पळसाच्या पानात बांधून कोनाड्यात ठेवून गेला. ते टाकून द्यायचे माझ्या अंगात त्राण उरले नव्हते.

संध्याकाळी बयाबाई आली ती सासूला घेऊन. राहीबाई त्याच दिवशी कापड्याहून आली होती. बयाबाई टोपी काढून बघते तो काय, गोटा! तिने पोराला उचलून छातीशी धरले. ते जावळ होते हो, दादा! प्रतापगडच्या भवानीला नवसाने बोललेले. बयाबाईला भाऊ नाही, म्हणून मांडीवर घ्यायला मामा मिळेना, म्हणून तीन वर्षे राखलेले. आपल्यात वर्षाच्या आत उरकतात, माझ्या ध्यानीमनीही आले नाही. मला वाटले, आता चांगू जाणार, त्याच्यामागून सगळी मुले जाणार, आणि माझे घरही जाणार. बरे, त्यांना निरोप द्यावा तर तिन्हीसांज, माझाच नियम.

राहीबाईने फौजदारासारखी उलटतपासणी घेतली. मांडी कुणाची? माझी. नारळ? दिला. टोपी? मीच शिवली. केस? कोनाड्यात. मामाने करायचे ते सारे मी नकळत करून बसले होते. गोमाजीला बोलावून आणले, तर तो म्हणतो, मला वाटलं बाईच मामा हायती! राहीबाईने कोनाड्यातली पुडी उतरवून कपाळाला लावली. मग म्हणाली, "देवीनंच तुला मामा केली गो. आता नाय म्हनू नको." मी खालमानेने म्हटले, अहो, मी विधवा बाई. तर म्हणते, "मामाच्या कपाळाचा कुकू कोन बघतो?" मला रडूच आले. (कांदा चिरत नव्हते, उगाच का लपवू?)

पण मामापण एवढ्यावर सुटत नाही. जावळ गडावर मामानेच न्यायचे, आणि भाच्याला खांद्यावर घेऊन. म्हणून काल एस. टी.ने पोलादपूर, तिथून दुसऱ्या गाडीने आंबेनळीचा घाट चढून कुंभरोशी, आणि पुढे पायी गड, चांगू माझ्या खांद्यावर. पठ्ठा एक पायरी उतरला नाही, वर टोपीचा गोंडा चघळत होता. तर दादा, थकले मी. तुमचेच खरे. या अक्षय्यतृतीयेला. कुलूप शोधून ठेवते.

तुमची
चारू

ता. क. : कुलूप सापडले, किल्ली सापडत नाही. फार शोधलेली नाही.

आणखी एक : याल तेव्हा माळ्यावरचा आपला पाळणा घेऊन या. पोस्टमास्तरांच्या सुनेने तान्ह्यासाठी विचारले आहे, मी हो म्हणून बसले. माझ्यासाठी खोली रिकामी केली असेल तर वहिनींनी तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवाव्यात.

शेवटचे : गडावर राहीबाईने मामाचा मान म्हणून माझ्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. तुम्हाला मामा म्हणणारे मूल माझ्या पोटी आले नाही, याची हळहळ तुम्हाला आहे, मलाही आहे. आपल्या घरातला तो मान असा माझ्याकडे आला. चांगूला मावशी म्हण म्हणून शिकवून दमले, तो मामाच म्हणतो. आज तिन्हीसांज टळून गेली तरी घरी जाईना, मामाच्या घरी ऱ्हातो म्हणून रडला. त्याला दुसरे मामाचे घर नाही हो, दादा.