पावसानंतरची सर्व्हिसिंग

आत्या,

काल पोलादपूरच्या वर, घाटाच्या वाटेवरच्या त्या घरी जाऊन आले. पाऊस गेला की दरवर्षी जाते, तशीच गेले. बाहेरचं मशीन उघडलं, आत साचलेला पाला काढला, जाळी धुतली, वायरी तपासल्या, आणि शिडीवरून उतरताना तोंडातून निघून गेलं, "आत्या, शिडी सोडा आता." खाली कोणी नव्हतं. शिडी मी दोरीने खांबाला बांधली होती. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या घरी हे दरवेळी होतं. घरी आल्यावर वाटलं, एकदा सगळं लिहून काढावं.

शिवथरच्या खोऱ्यातून लग्न होऊन मी महाडला आले तेव्हा आपल्या पुढच्या खोलीत यांचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत स्वयंपाकघर. दुरुस्तीला आलेले फ्रिज उंच लाकडी घोडीवर चढवून ठेवलेले, कारण नदी कधी घरात येईल याचा नेम नाही. तुम्ही डोंगरावरच्या वाडीत म्हशी आणि शेरडं राखून मुलाला, म्हणजे यांना, शिकवलं होतं. एसीला तुम्ही 'वाऱ्याची पेटी' म्हणायचात आणि लोक तिच्यावर खर्च का करतात हे तुम्हांला कधीच पटलं नाही. दुकानात मदतनीस टिकत नसे, शिकला की एमआयडीसीत कामाला लागे. म्हणून आधी मी फिल्टर धुवायला लागले, मग जुन्या टूथब्रशने जाळ्या साफ करायला, मग वायरी जोडायला. भाजी चिरता चिरता हात पुसून मी टेस्टर धरायची. हे शिकवायचे मनापासून, पण घरात. गिऱ्हाईक आलं की मी आत. तसं कोणी सांगितलं नव्हतं, मीच जायची. तुम्ही ते बघत होतात, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी ऐन पावसात हे एका गिऱ्हाइकाच्या शेवाळलेल्या गच्चीवरून घसरले आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं. दसरा गेला, दिवाळी गेली, हे खाटेवरच. उन्हाळ्याआधी आणि पावसानंतर अशी वर्षातून दोनदा ज्यांच्या मशीनची सर्व्हिसिंग ठरलेली, त्यांचे फोन यायचे आणि हे प्रत्येकाला सांगायचे, दुकान बंद आहे. थंडी चांगलीच पडायला लागली होती तेव्हाचा तो फोन. पोलादपूरच्या वरचे ते काका, आयुष्य बोटीवर काढून गावी येऊन घर बांधलेले. त्यांच्याकडे जे मशीन होतं तसं तेव्हा आपल्या भागात दुसरं नव्हतं. कंपनीच्या पुस्तकात त्याला हीट पंप म्हटलेलं, आपण दुकानात 'गरम-थंड' म्हणायचो. दिसायला एसीच, पण उन्हाळ्यात खोलीतली उष्णता बाहेर टाकायचं आणि थंडीत उलट फिरून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणायचं. काकांची मुलगी बाळंतपणाला आली होती आणि दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली होती. बाळ अगदी एवढंसं. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, बाळ आईच्या अंगाशी ठेवा, खोली उबदार ठेवा, पण धूर नको. आणि मशीन काही गरम होईना. पुण्याचे लोक पुढच्या आठवड्याशिवाय येणार नव्हते.

हे फोनवर म्हणत होते, "काका, मी उठूच शकत नाही हो. दुकान बंद आहे."

तुम्ही तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आलात. "बंद? बंद कशापायी? ही कोन हाय मग?"

यांनी फोनवर हात ठेवला. "आई, ती एकटी कशी जाईल तिथे?"

"एकटी कशी? मी हाय ना संगती."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"मला कशाला कळाया हवं? मी शिडी धरीन. हिला कळतं ना?"

मग तुम्ही दोघं माझ्याकडे बघायला लागलात. मी म्हणाले, "सर्व्हिसिंग येते मला. पण मोठा बिघाड निघाला तर?"

"निघंल तवा बघशील," तुम्ही म्हणालात, आणि आत गेलात. भाकरी करपली होती. तीच तुम्ही स्वतःच्या ताटात घेतलीत.

संध्याकाळी तुम्ही बाजारातून आलात आणि एक पिशवी माझ्या पुढ्यात टाकलीत. आत पंजाबी ड्रेस. जांभळा, जाड कापडाचा. आपल्या घरात सुनेने साडीशिवाय काही घातलेलं आळीत कोणी पाहिलं नव्हतं. "साडी नेसून शिडी चढतात काय गो?" तुम्ही म्हणालात. "पडशील, नि मग नवराबायको दोगं खाटंवर. मी कुनाकुनाचं करू?" सकाळी तो ड्रेस घालून मी बाहेर पडले तेव्हा समोरच्या काकू दात घासायच्या थांबल्या. तुम्ही त्यांना मोठ्याने सांगितलंत, "कामाला चाललीय ती!" आणि माझ्या हातातली अवजारांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतलीत.

एसटीत तुम्ही खिडकीशी बसता, पोलादपूर येईपर्यंत अवजारांची पिशवी मांडीवर धरून. मी मनातल्या मनात मशीन उघडते, बंद करते. पुन्हा उघडते. स्टँडवर काका जीप घेऊन उभे. ते तुमच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि मग आपल्या दोघींच्या मागे कोणी उतरतंय का ते बघतात.

"तुमचे मिस्टर नाही आले?"

"त्याचा पाय मोडलाय," तुम्ही म्हणालात. "हिचे हात धड हायत. चला."

घरात शिरल्यावर पहिला जाणवला तो कोळशाचा वास. डॉक्टरांनी नको म्हटलेली शेगडी शेवटी पेटवली होतीच, दुसरं करणार काय. दारं-खिडक्या बंद, काकांच्या पत्नी, त्या घरच्या काकू, उंबऱ्यात पंख्याने धूर हाकत बसलेल्या. आत पलंगावर ती मुलगी, पदराखाली उराशी बाळ. बाळाचं फक्त टोपडं दिसत होतं, माझ्या मुठीएवढं. तिने मला विचारलं, "होईल ना हो?" मी म्हणाले, "आधी उघडून बघते." काकूंनी चहाचं विचारलं तर तुम्ही म्हणालात, "च्या मागनं. शिडी आना आदी."

मेन स्विच बंद करून मी वर चढले. मशीन माडीच्या भिंतीवर बसवलेलं, खाली उतार. झाकण काढलं आणि सगळा पावसाळा आत. पाला, शेवाळ, कुंभारमाशीची मातीची घरं, जाळीची फट अन् फट बुजलेली. मी पाणी मागितलं आणि ब्रश घेऊन धुवायला सुरुवात केली. काका खालून म्हणाले, "अहो, ते गरम होत नाही आणि तुम्ही त्याला गार पाण्याने अंघोळ कसली घालताय?" मी वरूनच सांगितलं की हे उष्णता बाहेरच्या हवेतून घेतं, तोंडच बुजलेलं असेल तर घेणार कुठून. बोलताना माझा आवाज मलाच वेगळा वाटला. तुम्ही खालून काकांना म्हणालात, "कळलं का?" जणू तुम्हांलाच ते आधीपासून ठाऊक होतं.

सगळं धुतलं, पुसलं, वाळू दिलं. स्विच लावला. बाहेरचं मशीन घरघरायला लागलं. आणि आत काही नाही. पंखा हलेना. मी घरात जाऊन आतल्या जाळीला हात लावला, तर ती गारठलेली. म्हणजे मशीन उलट फिरलंच नव्हतं, उन्हाळ्यासारखं खोली गार करायला निघालं होतं. काका भिंतीला टेकून उभे राहिले. मी म्हणाले, "हे असते ना, तर त्यांनी लगेच... यांना एक फोन करून विचारते. यांना माहीत असेल."

तुम्ही माझ्या दंडाला धरून मला पडवीत नेलंत. आवाज खाली, पण डोळे असे की अजून आठवले तरी मी ताठ होते. "दर शब्दाला त्याचं नाव कशाला घेतेस गो? तो हितं हाय का? पाना तुज्या हातात हाय. त्या पोरीनं तुला इचारलं, त्याला नाय इचारलं. जा वर."

मला रडू आलं होतं, आणि रागही आला होता तुमचा. त्या रागातच चढले. यांनी एकदा दुकानात दाखवलं होतं, मशीन गरमवर टाकलं की आत एक व्हॉल्व्ह 'खट्' करून फिरतो आणि गॅसची वाट बदलतो. मघाशी ती खट् मी ऐकली नव्हती. का नव्हती? त्याला वीज पोचत नसेल. मी पुन्हा मेन बंद केला आणि व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वायरीवरून बोट फिरवत गेले. पाइपांच्या मागे, डोळ्यांना दिसेना अशा जागी, बोटाला ती खरखर लागली. उंदराने कुरतडलेली. आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, दोन टोकं नुसती शेजारी शेजारी. मी ओरडलेच, "आत्या, सापडलं!" तुम्ही खालून म्हणालात, "मग वरडतेस काय, जोड की!"

खराब भाग कापला, नवीन तुकडा घातला, जोड पक्का करून वर टेप आणि टेपवर रबरी नळी चढवली, पुन्हा उंदराचा दात लागू नये म्हणून. झाकण लावलं. काकांनी मेन टाकला, गरमचं बटण दाबलं. मशीन जरा वेळ गप्पच असतं, ते माझ्या हिशेबात होतं. तुमच्या नव्हतं. खालून तुम्ही शिडी आणखी घट्ट आवळलीत, ते मला पायाला जाणवलं. मग घरघर, आणि पाठोपाठ खट्! आणि लांब फुस्स. आतून काका ओरडले, "वारा नाही येत अजून! पंखा बंदच आहे!" पण मी जाड पाइपावर तळवा ठेवला होता. तो कोमट झाला. मग गरम. मग हात ठेववेना इतका गरम. मला माहीत होतं, आतली जाळी पुरती तापेपर्यंत मशीन पंखा रोखून धरतं, बाळावर गार वारा जाऊ नये म्हणूनच जणू. मी वरून म्हणाले, "थांबा. येतोय." एवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही.

आणि आतून त्या मुलीचा आवाज आला, "बाबा, गरम! गरम येतंय हो!"

मी उतरून आत गेले तेव्हा तुम्ही माझ्या आधी आत पोचला होतात. पदर खोचून, फडक्याने कान धरून ती पेटलेली शेगडी उचललीत आणि अंगणात नेऊन पाणी ओतलंत. मोठा चर्र आवाज झाला. काकूंनी खिडकी जराशी उघडली, धूर गेला, खोली हळूहळू उबेला आली. बाळाने टोपड्याखालून तोंड उघडून जांभई दिली. तुम्ही त्या मुलीला बजावत होतात, लाइट गेली तर गरम पाण्याच्या पिशव्या भरून ठेव, पोराला मात्र अंगावेगळं करू नको. पोरगं नाही, पोरगी होती. मग चहा आला. काकांनी पहिला कप मला दिला, स्वतःच्या हाताने, बशीसकट. "ताई, उन्हाळ्याआधी पुन्हा याल ना?" त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही म्हणालात, "येईल की. दर साल येईल."

घरी आल्यावर यांनी उशीला टेकून सगळं दोनदा ऐकलं. रबरी नळीचं ऐकून म्हणाले, "हे मला सुचलं नसतं," आणि पुढचा फोन वाजला तो त्यांनी उचलून माझ्या हातात दिला. पुढचा सगळा हंगाम आपण दोघींनी केला. दासगावपर्यंत गेलो, एमआयडीसीच्या क्वार्टर्समध्ये गेलो. तुम्ही प्रत्येक घरी शिडी धरून उभ्या, आणि प्रत्येक घरी माझी ओळख करून द्यायचात, 'आमची मेकॅनिक'. हा शब्द तुम्ही कुठून उचललात कोण जाणे. यांचा पाय बरा झाला, थोडा लंगडा राहिला, आणि शिडीवरची कामं कायमची माझ्याकडे आली. दुकानाच्या पाटीवर माझं नाव रंगवलं त्या दिवशी तुम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून ते वाचून घेत होतात. एकाने वाचलं की दुसऱ्याला थांबवायचं. मी आतून बघत होते.

टोपड्यातली ती पोरगी आता माझ्या डोक्यावरून बघते. काल तिनेच दार उघडलं. मुंबईत शिकते, बोलताना हिंदी शब्द घालते, आणि आजोबा गेल्यापासून घराचं सगळं तीच बघते. व्हॉल्व्ह दाखव म्हणाली म्हणून तिला वर घेतलं. खट् ऐकून हसली.

तुम्हांला वाचता येत नव्हतं. तुम्ही असता तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, "लिवतेस कशाला, तोंडानं सांग की." म्हणून हे कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. एकच सांगायचं राहिलंय. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता, असं कोणी विचारलं की मी लग्नाचा दिवस सांगते, हे शेजारीच बसलेले असतात ना. पण लग्नाच्या दिवशी मी नुसती घाबरले होते. माझा खरा दिवस तो, पोलादपूरचा. यांना मी ते अजून सांगितलेलं नाही.