घंटा वाजेपर्यंत ओ देऊ नये

लातूर, १२ एप्रिल १९८६

ती. सौ. शिवगंगाअक्का हिस जगदेवीचे शरणु शरणार्थी.

गुडघे कसे आहेत? तेल लावत नसशील, हे मला इथे बसून दिसतं. "सोबतीला येऊ का?" असं तू तिसऱ्यांदा विचारलंस. तिसऱ्यांदा लिहिते, नको. मुलगा-सून दिवसभर कचेरीत असले तरी मला एकटीला उत्तम करमतं. तेच मी सहा वर्षांच्या रुद्राणीला शिकवत होते. (नात माझी, स्वभाव सुनेचा; माणूस दिसलं नाही की रडू.) नियम सोपा ठेवला. मी लिंगपूजेला बसते तसं तिनं रोज अर्धा तास एकटीनं बसायचं. पूजेत मी कुणाला ओ देत नाही, तशी तिनंही द्यायची नाही. मी घंटा वाजवली की उठायचं. जागा तिनं निवडायची.

आमच्या वसाहतीचं तुला ठाऊक आहे. जिल्हा झाला, कचेरी झाली, क्वार्टरं झाली, अंगणात जमिनीखाली हौदही झाला. पाणी तेवढं व्हायचं राहिलं. टँकर सोमवारी यायचा तो काल, शुक्रवारीच आला. (सरकारी काम वेळेआधी झालं की समजावं, काहीतरी बिनसणार.) घागरी घेऊन सगळे धावले आणि रुद्राणी कुठेच नाही! मी हाका मारल्या. शेजारच्या नागम्मानं मारल्या, "ये गं बाई, लिमलेटची गोळी देते!" अख्खी वसाहत ओरडत होती. माझा घसा बसला. तिकडे टँकरवाल्या भुजंगनं हौदात पाइप सोडून कॉक फिरवला. तेव्हा कुठे मला माझाच नियम आठवला. अनवाणी घरात धावले, देव्हाऱ्यातली घंटा आणून अंगणभर वाजवत सुटले. हौदातून आवाज आला, "अज्जी, झालं का?"

भुजंग किंचाळला, "अगं माय! आत लेकरू हाय!" कॉक बंद करून शिडीनं उतरला. पोर घोट्याएवढ्या पाण्यात मांडी घालून बसलेली. "पाणी आलं तरी ओरडली का नाहीस?" असं मी विचारलं, तर म्हणते, "तूच म्हणालीस ना, पूजेत बोलायचं नाही."

इकडे बाकी क्षेम. भावजींना नमस्कार.

तुझी,
जगदेवी

ता. क. मुलाला आणि सुनेला मी सांगितलेलं नाही. पत्र वाचून चुलीत घाल.

ता. क. रुद्राणीला आता एकटीनं बसायला फार आवडतं. आज सकाळपासून आतल्या खोलीत आहे. घंटाही आत नेलीय, म्हणाली, "मी वाजवीन तेव्हाच बोलायचं, अज्जी." अजून वाजलेली नाही. मी चार वेळा दाराशी जाऊन आले.

ता. क. पत्र पोचलं की दुसऱ्या सकाळची एसटी मिळते का बघ. तेल इथे आहे.