घरोघरची कॉफी

टेक्सास, अमेरिका

बाबा, तुमाले अन् आईले इथूनच पाया पडते.

मी मजेत हाये, जेवण टायमावर होते. यंदा तिसऱ्यांदा इथल्या कोर्टात जज व्हाले उभी हाये. इथं जजले लोकच मतं देऊन निवडतात. दोनदा पडली, ते मनाले लावून घेऊ नका. वकिली चालू हाये.

सोयाबीन निघालं का? तुमचा गुडघा कसा हाये?

आपल्या अनसिंग गावाले तंटामुक्तीचे अध्यक्ष होते तवा भांडणाऱ्या कोणाच्याच घरचा चहा तुमी घेत नव्हते. मी मतं मागत घरोघरी कॉफी पिऊन राह्यली. उद्या त्यातलाच एखादा माह्यापुढं न्याय मागाले उभा राहील.

पडाची सवय झाली, बाबा. यंदा जिंकशील म्हणतात सारे, म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

तुमची कांचन