हॉल आज मतदारांचा

बाबा,

गेल्या निवडणुकीच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये बसून पेन्सिली तासत होते, तेव्हा तुमची फार आठवण झाली. इथे इंग्लंडात मत द्यायला शिक्का नाही की बोटाला शाई नाही. दोरीने बांधलेली साधी शिसपेन्सिल असते, तिने नावापुढे फुली मारायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं होतं. म्हटलं, एवढ्या मोठ्या देशाचं राज्य आणि ते या दोन बोटांच्या काडीवर! कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, येणाऱ्या पेन्सिली बोथट असतात, म्हणून मी घरून ब्लेड नेते आणि तुम्ही तासायचात तशी लांब टोकं काढते, खाली कागद पसरून, भुगा न सांडता. होय बाबा, मॅट्रिकला दोनदा आपटलेली तुमची लेक मिल्टन कीन्समधल्या एका मतदान केंद्राची मुख्य अधिकारी आहे. वीस वर्षं शाळेच्या किचनमध्ये बटाटे सोलले, उरलेल्या वेळात लायब्ररीत बसून इंग्रजी शिकले, आणि कौन्सिलची जाहिरात पाहून एकदा अर्ज केला. तुम्ही शाळामास्तर, तुम्हाला निवडणुकीची ड्यूटी चुकायची नाही. पेटीला लाख लावून घरी यायचात तेव्हा हाताला जळका वास यायचा. तो वास इथे नाही, पण सात वाजता दार उघडताना घड्याळाकडे दोनदा बघायची सवय तुमचीच असणार.

आता जे सांगायचंय ते सांगते. यंदा आमच्याकडे सगळा वाद एकाच गोष्टीवरून पेटला होता: बरं न होणाऱ्या आजारातल्या माणसाला स्वतःच्या इच्छेने मरण मागता यावं का. आपल्या चर्चचा त्याला विरोध, आणि खरं सांगायचं तर माझाही. तुमच्या जावयांना मी शेवटचे आठ महिने उशापाशी बसून सांभाळलं. त्या दिवसांतला एकही मला परत द्यावासा वाटत नाही. म्हणून मी खासदाराला पत्रही लिहिलं होतं, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. धर्मगुरूंनी यावर बोलू नये असं मला कधीच वाटलं नाही. उपाशी पोरांबद्दल, बोटीतून जीव मुठीत धरून येणाऱ्या माणसांबद्दल तेच बोलतात तेव्हा मी मान डोलावते. मग इथे आलं की गप्प बसा, असं कसं म्हणू? पण हल्ली वारा थोडा वेगळा वाहतोय. या देशात नि दूरच्याही देशांत काही मोठी माणसं निघाली आहेत, कुणी झग्यातली तर कुणी भारी सुटातली, आणि ती म्हणतात की सत्य आमच्या खिशात आहे, मग लोकांना विचारायचं कशाला? लोकांनी फक्त दाखवलं तिथे फुली मारावी. याच इंग्लंडात एके काळी आपल्या कॅथलिक पंथाच्या माणसाला पार्लमेंटमध्ये पाय ठेवायची बंदी होती, हे ती माणसं विसरतात. ज्या दारातून आपण कसेबसे आत आलो, त्याच दाराला आतून कडी घालायची म्हणजे काय!

त्या दिवशी हॉलच्या पोर्चमध्ये, पवित्र पाण्याच्या भांड्याशेजारी, कार्डांचा एक गठ्ठा ठेवलेला होता. कुठल्याशा मंडळाने छापलेला. उमेदवारांची नावं, इच्छामरणाच्या कायद्याला विरोध करणाऱ्यांपुढे हिरवी खूण, बाकीच्यांपुढे लाल फुली, आणि खाली एका मोठ्या धर्मगुरूंच्या भाषणातली ओळ. माझ्याबरोबर क्लार्क म्हणून एक नागपूरची मुलगी असते. बौद्ध घरातली, एरवी कॉम्प्युटरवाली, पण निवडणुकीला न चुकता रजा टाकून येते. तिने दार उघडतानाच विचारलं, "काकू, ती पोर्चमधली कार्डं चालतात का आपल्याला?" मी म्हटलं, "बघू गं, आधी याद्या लावून घे." बघू म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही बघणार'.

दहाच्या सुमारास आमच्या चर्चमधली एक आयरिश आजी आली, काठी टेकत. ऐंशीच्या पुढची, नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलंबाळं नाहीत. ओळख म्हणून तिने बसचा पास दाखवला. मतपत्रिका घेतली, आणि बूथकडे जायची ती माझ्या टेबलापाशीच उभी राहिली. दुसऱ्या हातात ते कार्ड.  हळूच म्हणाली, "डिअर, तुला म्हणून विचारते. मी इतकी वर्षं ज्याला मत देते त्याच्यापुढे इथे लाल..."

"नाव सांगू नका," मी घाईने म्हटलं.

"नाही सांगत. पण त्यालाच दिलं तर फादर माझं शेवटचं मिस्सा, मयताची प्रार्थना, म्हणतील ना गं? मला इथूनच न्यायचंय. माझ्या नवऱ्यालाही इथूनच नेलं."

बाबा, मतदारयादीवर धरायची पट्टी माझ्या हातून खाली पडली. मी तिला म्हटलं, "त्या बूथमध्ये कुणी पाहत नाही. फादर नाहीत, मी नाही, कुणी नाही."

"आणि देव?"

"तो पाहतो. पण तो कुणाला सांगत फिरत नाही. पापनिवेदनासारखंच समजा, तिथलं तिथेच राहतं."

तिला ते पटलं असावं. ती गेली, बराच वेळ आत होती, आणि घडी केलेला कागद पेटीत टाकून कार्ड माझ्याच टेबलावर ठेवून निघून गेली. नागपूरची मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "माझे आजोबा पहिल्यांदा मत द्यायला गेले ना काकू, तेव्हा नवं धोतर नेसून गेले. पाटलाने आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं, शिक्का कुठे मारायचा ते. आजोबा जी जी म्हणाले आणि मारून आले हवा तिथे. आमच्या घरी अजून सांगतात." मग म्हणाली, "मी जाऊन सांगू का फादरना? पण मी सांगितलं तर म्हणतील, ही बाहेरची, हिला काय आमच्या चर्चचं."

"तू बस. घरातलं उतू जातंय तर घरच्यानेच उठावं," मी म्हटलं, आणि केंद्र तिच्या हवाली करून शेजारी फादरांच्या घरी गेले.

आमचे फादर तरुण आहेत, माझ्या धाकट्याहून लहान. इंग्रज. पायापर्यंत काळा झगा घालतात, लॅटिनचं वेड, आणि जग बिघडत चाललंय याबद्दल खात्री. पण माणूस सोन्याचा आहे हो. तुमचे जावई गेले तेव्हा रोज संध्याकाळी येऊन माझ्या किचनमध्ये बसायचे, मी दिलेली तिखट आमटी डोळ्यांतून पाणी काढत प्यायचे. त्या माणसाशी वाकडं घ्यायचं म्हणजे माझ्यासाठी सोपं नव्हतं. माझं इथलं सगळं गणगोत त्या चर्चमध्येच आहे. ते तुटलं तर मी या गोल गोल चौकांच्या गावात एकटीच उरते. चहाचा मग हातात घेऊन ते पायरीवर आले आणि मी एका दमात म्हटलं, "फादर, पोर्चमधली कार्डं काढायला हवीत."

"का? त्यात खोटं काय आहे?"

"खरंखोटं बघायचं काम माझं नाही. केंद्रात प्रचार नको, एवढंच मी बघते."

"पोर्च चर्चचा आहे."

"सकाळी सात ते रात्री दहा नाही. हॉल आज मतदारांचा. तुम्हीच कौन्सिलला सही करून दिलाय."

ते हसले. "तुम्ही मला हे सांगताय? खासदाराला पत्र लिहिलंत ते आधी मलाच दाखवलं होतंत."

"म्हणून तर सांगतेय. ही कार्डं उलट्या बाजूची असती तर मी सव्वासातलाच उचलली असती. आपली होती म्हणून माझी नजर तीन तास त्यांच्यावरून घसरत राहिली. तीच माझी चूक."

मग मी त्यांना सांगितलं, एक मतदार काय विचारून गेला ते. फादर एकदम पांढरे पडले. "मी असं कधीही म्हटलेलं नाही."

"ठाऊक आहे. पण ज्याच्या हातात मयताच्या मिस्साची किल्ली आहे, तो नुसता कुजबुजला तरी म्हाताऱ्या माणसाला हुकूम ऐकू येतो. तुम्ही प्रवचनाच्या पुलपिटावरून खुशाल बोला, फादर. मी पहिल्या बाकावर बसून ऐकते. पण आमच्या हातातली पेन्सिल धरू नका."

मग ते पायरीवरच बसले. चहा तसाच. म्हणाले, "कोण होतं?"

"नाव सांगता येत नाही. कायदा आहे."

"मग मला सगळ्यांकडेच जावं लागेल." असं म्हणाले, उठले, आणि स्वतःच्या हाताने कार्डं बिस्किटांच्या डब्यात भरून घेऊन गेले. आणि खरंच गेले हो बाबा! पुढचा सबंध आठवडा आमचे फादर झगा खोचून सायकलवर, इथल्या लाल फरसबंदीच्या वाटांनी, एकेका म्हाताऱ्याच्या दारी. मत कुणालाही दिलेलं असो, तुमचं मिस्सा मी म्हणणार, एवढंच सांगायला. त्यांचं मत तिळभर बदललेलं नाही. रविवारी त्याच कायद्याविरुद्ध पुन्हा अर्धा तास बोलले आणि मी मान डोलावली. पण लोकांच्या निवाड्यावर आपला विश्वास असेल तर बोलून झाल्यावर बाजूला व्हावं लागतं, हे त्यांना कळलं असं मला वाटतं. तेवढं कळलं की माणूस कितीही जुन्या वळणाचा असू दे, लोकशाहीला त्याची भीती नाही. म्हणून मी फारशी घाबरलेली नाही, बाबा. बाजूला व्हायची ही सवय पेन्सिलीच्या टोकासारखी आहे, मोडली तर पुन्हा तासता येते.

फादरांची सायकल पाहिली आणि मला आपली वाडीतली फेरी आठवली. मी तेरा वर्षांची. वसईच्या बाजूचं आपलं गाव, आणि मिस्सा संपल्यावर जुन्या फादरांनी मला बोलावून घेतलंय, मीच कारण माझं अक्षर चांगलं. लिहितावाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना जाऊन दाखव, शिक्का तिसऱ्या चौकोनात. मी कागदावर चौकोन काढून सात घरं फिरते, कोण ऐट माझी! आणि मतदानाच्या दोन दिवस आधी तुम्हाला ते कळतं. तुम्ही मारत नाही, ओरडतही नाही. चपला घालता आणि म्हणता, "चल. जिथे जिथे सांगितलंस तिथे तिथे जाऊन म्हण, माझं ऐकू नका, तुमचं तुम्ही ठरवा." मी रडत विचारते, फादर खोटं बोलतात का? तुम्ही म्हणता, "नाही. ते म्हणतात ते मलाही पटतं. म्हणूनच जायचं." तेव्हा मला यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पहिल्याच घरची म्हातारी खोखो हसली होती, आठवतं? "आता काय गो सांगतेस पोरी, पेजेत मीठ पडलं ते पडलं, बाहेर कसं काढू?" तुम्ही म्हणालात, "पाणी वाढवा थोडं, मावशी."

सहा घरं झाली. सातवं त्या कोळणीचं, जिचा नवरा समुद्रावरून परत आला नव्हता. तिथे पोचेपर्यंत अंधारायला लागलं होतं. तुम्ही विहिरीपाशी थांबलात आणि म्हणालात, हे एवढं एक घर तू एकटी जा. थोड्या वेळाने मी परत आले आणि म्हटलं, सांगितलं. तुम्ही खिशातून सुकेळी, आपली वाळवलेली केळी, काढून माझ्या हातावर ठेवलीत, केळीच्या सोपटात बांधलेली. म्हणालात, "शाबास. आता झालं."

झालं नव्हतं, बाबा. आधीच्या खेपेला ती कोळीण मला हसली होती, म्हणाली होती, माझं मत माझ्यापाशी, तू शेंबूड पूस आधी. मला राग आला. मी म्हटलं, तिसऱ्या चौकोनात मारलं नाहीस तर फादर तुझ्या नवऱ्याच्या नावाचं मिस्सा म्हणणार नाहीत. हे जुन्या फादरांनी सांगितलं नव्हतं. ते माझ्या डोक्यातलं. तिचं हसू जागच्या जागी विझलं, ते मी अजून विसरलेले नाही. आयरिश आजीच्या तोंडावर मला तेच दिसलं. म्हणून त्या संध्याकाळी तिच्या दाराशी जायची माझी छाती झाली नाही. मी घरामागच्या केळीत उभी राहिले, शंभरपर्यंत आकडे मोजले आणि तुमच्याकडे परत आले. पुढे लग्न होऊन मी इकडे आले आणि ती गेल्याची एक ओळ तुमच्या पत्रात आली.

हे पत्र मी पेन्सिलींच्या डब्यात ठेवणार आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्यापर्यंत जायला दुसरी वाट तरी कुठली? परवा फादरांनी मला विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी एवढं धैर्य कुठून आलं?" मी तुमचं नाव सांगितलं. तेही खरंच आहे. पण सातव्या घरी मी गेले नव्हते. सुकेळी मात्र खाल्ली.