पेंडसे काकांची वाटी

रवि. १२ ऑक्टो. २००८, चँडलर

केलं ते मीच केलं. लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात गरगरायचं थांबेल. मराठीत लिहितोय, कारण धाकट्या सईला ते वाचता येत नाही.

काल घरी सत्यनारायण. प्रसादाच्या शिऱ्याची एक वाटी बाजूला काढली आणि तिच्यात कॉलेजातल्या कोडीने दिलेलं बटर कालवलं. गांजाचं बटर.

वाटी पेंडसे काकांसाठी होती. रिटायर्ड इंजिनियर, दर शनिवारी हजर. "काय चिन्मय, या सेमिस्टरला किती सब्जेक्ट उडाले?" मग स्वतःच्या मुलाचं कौतुक, चहा संपेपर्यंत. म्हटलं, एकदा काकांना सोफ्यावर स्वतःच्याच बोटांकडे बघून हसताना बघू. एवढंच.

वासाची भीती होती. पण हा माल जांभळा, द्राक्षाच्या वासाचा. खऱ्या द्राक्षाचा नाही हां, पिंपळगावला मामाच्या मळ्यात असला वास कधी आला नाही. इथे कॅनमध्ये जांभळा सोडा मिळतो ना, तो वास, आणि मागून ओलं गवत. जिभेवर आधी गोड, मग कडवट. शिऱ्यात मनुका होत्याच. कोण ओळखणार!

काकांनी चिमूटभर तोंडात टाकला. "शुगर वाढलीय हो," म्हणाले, आणि वाटी बाबांपुढे सरकवली.

बाबा प्रसादाचा कण टाकू देत नाहीत. मी किचनच्या दारात, तोंड उघडं. बाबांनी वाटी बोटाने निपटली. "मनुका कुठल्या गं या? मस्त वास आहे."

काका गेल्यावर तासाभराने सुरू झालं. मला चढतो तसाच, त्याच क्रमाने. पापण्या जड. खांदे खाली. मग रिमोटकडे बघून हसायला लागले. "याला एवढी बटणं कशाला रे?" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आई पण हसली. मग पाच पोळ्या. मधेच छातीवर हात ठेवून म्हणाले, "जरा धडधडतंय." आईने लिंबू-पाणी दिलं. मग झोपले ते थेट आज नऊपर्यंत.

नोकरी जाणार हे कळल्यापासून बाबा रात्रीचे तीन तासही झोपत नव्हते. आई म्हणते, देव पावला.

सोम. १३

बाबांना नवं काम मिळालं! फिनिक्समध्ये. आईने देवापुढे साखर ठेवली. ३१ला जुनी नोकरी संपते. त्याच्या आत दुसरी नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर चौघांच्या बॅगा.

फक्त एक फॉर्मॅलिटी राहिलीय. ड्रग टेस्ट. अठ्ठेचाळीस तासांत.

बाबा खुशीत. "अरे, मी सुपारी खात नाही. तपासा म्हणावं काय तपासायचं ते."

कोडीला फोन केला. किती दिवस राहतं बॉडीत? म्हणे, पहिल्यांदाच ना, दोन-तीन दिवस. कदाचित जास्त. आय डोन्ट नो, मॅन. बटर देताना बरा एक्सपर्ट होता.

जेवलो नाही.

मंगळ. १४

गाडीच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात लपवल्या. एक दिवस तरी जाईल म्हटलं. बाबा सगळं घर उलटंपालटं करतायत. सई सिरियल खात खात, "इट्स दादा. इट्स ऑलवेज दादा."

बाबा ओरडले नाहीत. "चिन्या, आज चेष्टा नको रे. प्लीज."

मी म्हटलं, मला काय माहीत.

मग त्यांनी पे. काकांना फोन केला. काका दहा मिनिटांत दारात. "चला! या देशात बाटली भरून दिली की नोकरी मिळते." दोन तास तिथे बसून राहिले, बाबांना परत आणून सोडलं. आज सब्जेक्टचं विचारलं नाही मला. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

किल्ल्या परत हुकाला. आई भात लावताना म्हणाली, "डबा कोणी उघडला होता?"

गुरु. १६

रिझल्ट नाही. बाबा परत झोपत नाहीयेत. सकाळी आईला म्हणाले, "त्या शनिवारसारखी झोप पाहिजे. तसाच शिरा कर ना परत."

आई म्हणाली, मनुका आणते.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

शुक्र. १७, दुपारी

लॅबच्या डॉक्टरचा फोन. कंपनीला अजून कळवलेलं नाही, आधी विचारतोय, कुठली औषधं घेता? बाबा यादी वाचतायत. थायरॉइडची गोळी. खोकल्याचं सिरप. त्रिफळा चूर्ण. त्रिफळाचं स्पेलिंग तीनदा सांगितलं. डॉक्टर चार वाजता परत फोन करणार आहे.

निगेटिव्ह असेल तर हा फोन येतच नाही. कोडीने सांगितलं.

आई टेबलाशी बसून आहे. "त्रिफळा मीच देते रोज. माझ्यामुळेच झालं." बाबा तिच्या पाठीवर हात फिरवतायत. "अगं, त्रिफळ्याने काय होतंय? त्यांचीच काहीतरी चूक असेल." बाबांना अजून खरंच कळत नाहीये.

मी सांगितलं तर बाबा सुटतील का? का मला पोलीस नेतील, आणि व्हिसा तरीही जाईल? माहीत नाही.

तीन-वीस

आत्ता बघितलं, मागच्या पानांवर नारिंगी बोटं उमटलीयत. चिप्सची.

सई. तुझ्या रविवारच्या मराठी शाळेला मी हसायचो. सॉरी.

वाचलंस ना? किती कळलं? शिरा, वाटी, बाबा, एवढं कळलं असणारच. कोणाला सांगू नकोस. आईला नको, पे. काकांना तर नकोच. धमकी देत नाहीये. हवं तर माझा आयपॉड घे, पुढची सीट घे कायमची. पण सांगू नकोस गं. मला सांगायचंय. तू आधी सांगितलंस तर मी फक्त पकडला गेलेला होईन. तेवढं एक माझ्यासाठी राहू दे.

चाळीस मिनिटं आहेत. बाबा फोन मांडीवर घेऊन बसलेत. सई, प्लीज.